रेडिएटरमधले गोड विष

सोलापुरात पाणी कधी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असे म्हणून बरेच जण रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओततात. त्याने आत क्षार साचतात, गंज चढतो. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे घेतले तर मिश्रण साधारण 107 अंशांना उकळते. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या शहरात ते उपयोगाचेच. मात्र प्रकार गाडीच्या पुस्तिकेत पाहून निवडावा, हिरव्या-लाल रंगावरून नव्हे. इंजिन थंड झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. उसळत्या पाण्याने चेहरा भाजतो.

खरा धोका जुने कूलंट काढल्यानंतरचा. ते बहुधा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून कोपऱ्यात ठेवले जाते. रंग सरबतासारखा, चव गोड! त्यातल्या इथिलीन ग्लायकॉलपासून यकृतात आम्ले बनतात आणि ऑक्झलेटचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. आधी माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, उलट्या होतात. लघवी कमी होते ती एक-दोन दिवसांनी. प्रौढाला 100 मिलिलिटरच्या आसपास, लहान मुलाला एक-दोन घोटही जीवघेणे ठरू शकतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 मध्ये 14 रुग्ण दगावले, ते याच कुळातले डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे.

कूलंट पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नये, घरी उलटी करवू नये. बाटली सोबत घेऊन डायलिसिसची सोय असलेले रुग्णालय गाठावे. आम्ले तयार होण्याआधी उपचार सुरू झाले तर मूत्रपिंडे बहुधा वाचतात.