कुटुंबासह हिमालयात ट्रेकला जाताय? बेत आखताना उंचीचा हिशेब आधी मांडा

एप्रिल लागला की दवाखान्यात एक ठरावीक कागद सहीसाठी येऊ लागतो. ट्रेक नेणाऱ्या संस्थेचा फिटनेसचा फॉर्म. आई, बाबा, शाळेत जाणारी दोन मुले आणि कधी कधी साठीतले आजोबा किंवा आजी. रक्तदाब मोजून, छाती तपासून झाली की निघताना बहुतेक जण विचारतात, "डॉक्टर, म्हणजे आता काही त्रास होणार नाही ना?"

प्रामाणिक उत्तर असे आहे की त्या सहीचा अर्थ मर्यादित असतो. आज तुमची तब्येत चालण्याजोगी आहे, एवढेच ती सांगते. उंचीचा त्रास कोणाला होईल, हे खाली मैदानी भागात केलेल्या कोणत्याही तपासणीवरून खात्रीने सांगता येत नाही. रोज दहा किलोमीटर धावणाऱ्या तरुणाला तो होऊ शकतो आणि हळूहळू चालणारे आजोबा ठणठणीत राहू शकतात. मात्र हा त्रास बऱ्याच प्रमाणात टाळता येतो आणि झालाच तर वेळीच आवरता येतो. त्याची निम्मी तयारी घरी, वेळापत्रक आखतानाच करायची असते.

सह्याद्रीतला सराव किती उपयोगी पडतो?

पायांसाठी खूप. सहा ते आठ आठवडे आधीपासून रोज जिने चढणे-उतरणे, सुट्टीच्या दिवशी पाठीवर सॅक घेऊन लोहगड किंवा राजमाची करणे, शक्य असल्यास एखादा मुक्कामी ट्रेक करणे, हा सराव मुलांनाही मानवतो. बोलता बोलता चालता येईल असा वेग ठेवावा. उतरतानाचा सरावही करा, कारण गुडघे उतरतानाच जास्त कुरकुरतात.

विरळ हवेची सवय मात्र या सरावाने होत नाही. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर आहे, तर उंचीचा त्रास साधारणपणे २५०० मीटरच्या वर दिसू लागतो. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण वरही तेवढेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. पण हवेचा दाब कमी झाल्याने प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी होतो. ३५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन तृतीयांश भरतो. शरीर श्वासाचा वेग वाढवून आणि इतर बदल करून याच्याशी जुळवून घेते. त्याला काही दिवस लागतात आणि ते दिवस वेळापत्रकात असावे लागतात.

वेळापत्रक तपासताना काय पाहावे?

माहितीपत्रकात रोज किती किलोमीटर चालायचे ते ठळक छापलेले असते. तुम्ही दुसराच आकडा शोधा. प्रत्येक रात्रीचा मुक्काम किती मीटरवर आहे, ते एका कागदावर ओळीने लिहून काढा आणि पुढील नियम लावून पाहा.

- मैदानातून गेल्यावर पहिली रात्र शक्यतो २७०० ते २८०० मीटरच्या खाली असावी.
- ३००० मीटरच्या वर गेल्यानंतर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये.
- दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी.
- दिवसा उंच जाऊन रात्री खाली येऊन झोपल्यास शरीराला सोपे जाते.

उदाहरणार्थ, उत्तराखंडमधील हर की दून. डेहराडूनहून गाडीने दिवसभर प्रवास करून सांकरीला पोहोचले की पहिली रात्र सुमारे १९५० मीटरवर होते. पुढचा मुक्काम ओसला गावाच्या परिसरात, सुमारे २५०० मीटरवर. इथपर्यंत चढ बेताचा आहे. हर की दून मात्र सुमारे ३५५० मीटरवर आहे. ओसलाहून निघून त्याच रात्री तिथे तंबू टाकला, तर मुक्कामाची उंची एका दिवसात हजार मीटरने वाढते. कुटुंबासोबत असताना मधे ३००० मीटरच्या आत एक मुक्काम वाढवावा, दुसऱ्या दिवशी हर की दून पाहावे आणि झोपायला पुन्हा खाली यावे. तेच डोंगर दिसतात आणि धोका बराच कमी होतो.

याउलट मुंबईहून विमानाने लेहला गेलात, तर काही तासांत समुद्रसपाटीवरून सुमारे ३५०० मीटरवर पोहोचता. तिथे पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी. दर्शनीय ठिकाणे आणि ट्रेक त्यानंतर. संदकफू (सुमारे ३६३६ मीटर) हे ठिकाण पायी तीन-चार दिवसांत गाठतात, पण तिथे जीपही जाते. 'आजींना जीपने पाठवू, आपण चालत येऊ' असा बेत अनेक जण करतात. त्यात आजींच्या शरीराला जुळवून घ्यायला सर्वांत कमी वेळ मिळतो, हे लक्षात घ्या.

आणि एक दिवस मोकळा ठेवा. परतीचे तिकीट ट्रेक संपण्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेचे असेल, तर वर कोणाचे डोके दुखू लागल्यावर थांबणे अवघड होते. मोकळा दिवस हाताशी असला की थांबण्याचा निर्णय घेता येतो.

निघण्यापूर्वी डॉक्टरांना कोणी आवर्जून भेटावे?

- हृदयविकार, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना भेटून कुठे आणि किती उंचीवर जाणार ते सांगावे.
- उच्च रक्तदाब असलेल्यांनी. उंचीवर पहिले काही दिवस रक्तदाब वाढू शकतो. गोळ्या स्वतःहून बंद करू नका.
- मधुमेह असलेल्यांनी. चालण्याने साखर उतरू शकते, त्यामुळे डोस आणि खाण्याच्या वेळा आधी ठरवाव्या लागतात. इन्सुलिन गोठले तर निकामी होते, म्हणून ते अंगाजवळ, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. थंडीत ग्लुकोमीटरही चुकू शकतो.
- दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी.
- सिकलसेल असलेल्यांनी. विदर्भ आणि नंदुरबार भागातील अनेक कुटुंबांत हा आजार आढळतो. रुग्णांसाठी मोठी उंची धोक्याची आहे. केवळ वाहक असलेल्यांनाही क्वचित उंचीवर प्लीहेला इजा होऊन पोटात डावीकडे वरच्या बाजूला तीव्र वेदना होऊ शकतात. घरात कोणाला सिकलसेल असेल तर तपासणी करून घ्या.
- गरोदर महिलांनी.
- पूर्वी उंचीचा त्रास झालेल्यांनी. पुढच्या वेळी तो होण्याचा सर्वांत उपयुक्त संकेत हाच असतो.

निघण्याच्या सुमारास मुलाला ताप, खोकला किंवा छातीत कफ असेल तर चढाई पुढे ढकला. अशा वेळी फुप्फुसात पाणी होण्याचा धोका वाढतो.

लक्षणे कशी ओळखावी?

नव्या उंचीवर पोहोचल्यानंतर साधारण सहा ते बारा तासांत त्रास सुरू होतो. बऱ्याचदा पहिल्याच रात्री. डोके दुखते आणि सोबत मळमळ, भूक न लागणे, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त थकवा असतो. हा सौम्य त्रास होय. दुसरे ठोस कारण सापडत नसेल तर तो उंचीचाच आहे असे समजून चाला. 'प्रवासाने झाले असेल', 'पित्त झाले असेल' असे म्हणून सोडून देऊ नका.

लहान मुलांना डोके दुखते हे नीट सांगता येत नाही. विनाकारण किरकिर, आवडीचा खाऊही नको असणे, खेळणे बंद होणे, नीट न झोपणे ही त्यांची लक्षणे असू शकतात.

पुढील लक्षणे मात्र जिवावर बेतणारी असतात.

- तोल जाणे, दारू प्यायल्यासारखे चालणे, असंबद्ध बोलणे, गोंधळणे, अतिझोप. ही मेंदूला सूज आल्याची चिन्हे आहेत. जमिनीवर सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालायला सांगा. मोठ्या माणसाला ते जमत नसेल तर उशीर करू नका.
- बसल्या जागी धाप लागणे, न थांबणारा खोकला, ओठ निळसर होणे, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी. ही फुप्फुसात पाणी झाल्याची चिन्हे आहेत. हा त्रास बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दिसतो.

"माझ्यामुळे खोळंबा नको"

आपल्या घरांमध्ये मला सर्वांत जास्त भीती या वाक्याची वाटते. सगळ्यांनी रजा काढलेली असते, पैसे भरलेले असतात. अशा वेळी आई डोकेदुखी लपवते, आजोबा "जरा दम लागलाय, बसलो की बरे वाटेल" म्हणतात, आणि सोळा वर्षांच्या मुलाला लहान भावासमोर कच खायची नसते. सौम्य त्रास अंगावर काढून वर चढत राहिल्यानेच तो गंभीर होतो.

म्हणून सगळे एकत्र बसून घरीच हे नियम ठरवा.

- रोज सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येकाला नाव घेऊन विचारायचे: डोके दुखते का, जेवण गेले का, झोप लागली का, चक्कर येते का?
- एकालाही त्रास असेल तर त्या दिवशी त्याने वर चढायचे नाही.
- विश्रांतीने बरे वाटले नाही किंवा त्रास वाढला, तर खाली उतरायचे.
- गंभीर लक्षण दिसले तर ताबडतोब उतरायचे, सकाळची वाट पाहायची नाही. किमान ३०० मीटर, आणि बरे वाटेपर्यंत हजार मीटरपर्यंत. रुग्णाने एकट्याने उतरायचे नाही आणि शक्यतो त्याला चालवायचे नाही.
- कोण कोणासोबत उतरणार ते आधीच ठरवायचे. मुलासोबत आई किंवा वडील हवेतच.

औषधे आणि उपकरणांबद्दल

ॲसिटाझोलामाइड या गोळीने शरीराला उंचीशी लवकर जुळवून घेता येते. मोठ्या माणसांत प्रतिबंधासाठी ती सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून दिली जाते. ती सर्वांना लागत नाही. सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असल्यास डॉक्टरांना आधी सांगा. मुलांचा डोस वजनावर ठरतो. बोटांना मुंग्या येणे आणि वारंवार लघवी होणे हे तिचे नेहमीचे परिणाम आहेत. गोळी चालू आहे म्हणून वेगाने चढणे चुकीचे आहे.

डोकेदुखीवर पॅरासिटामॉल चालते. पण ते घेऊन पुढे चढू नका. पहिल्या काही रात्री मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळा.

कापूर हुंगल्याने रक्तातील ऑक्सिजन वाढत नाही. उलट, लहान मुलाच्या पोटात कापूर गेल्यास झटके येऊ शकतात, म्हणून कापराची पुडी मुलांच्या हाती देऊ नका. ऑक्सिजनचे छोटे डबे काही मिनिटेच पुरतात.

कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर न्यायला हरकत नाही. पण बोटे गार असली तर आकडा चुकतो, आणि ३५०० मीटरवर निरोगी माणसाचा आकडाही ८५ ते ९० च्या घरात असू शकतो. आकडा चांगला आहे म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करू नका.

थंडी, ऊन आणि पाणी

मुलांचे अंग मोठ्यांपेक्षा लवकर गार पडते. सुती कपडे भिजले की अंग गारठवतात, म्हणून लवकर वाळणारे कपडे, त्यावर लोकर किंवा फ्लीस आणि वरून पाऊस अडवणारे जॅकेट असे थर घाला. मुलाला हुडहुडी भरली की आधी ओले कपडे बदला. उंचीवर ऊन प्रखर असते आणि बर्फावरून परावर्तित होते, म्हणून गॉगल मुलांनाही हवा.

झऱ्याचे पाणी स्वच्छ दिसले तरी तसेच पिऊ नका. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून ते तीन मिनिटे खळखळ उकळवा. जुलाब झाल्यास ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात मिसळा, अंदाजाने अर्धे-अर्धे नको. रोजची औषधे दोन वेगवेगळ्या सॅकमध्ये विभागून ठेवा.

आयोजकांना विचारायचे प्रश्न

- ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर सोबत असतो का? तो वापरायला कोणाला येतो?
- एकाला खाली उतरवावे लागले तर बाकीच्यांसोबत वाटाड्या उरतो का?
- सर्वांत वरच्या मुक्कामावरून गाडीरस्ता किती तासांवर आहे? तिथून रुग्णालय किती तासांवर?
- चालता न येणाऱ्या माणसाला खाली कसे आणतात? खेचर, स्ट्रेचर की पाठीवर?
- मोबाइल कुठपर्यंत लागतो? त्यापुढे निरोप कसा पोहोचतो?

हर की दूनसारख्या ठिकाणाहून सांकरी आणि तिथून डेहराडून हे अंतर लक्षात घ्या. मोठ्या रुग्णालयात पोहोचायला एक दिवसाहून जास्त लागू शकतो. म्हणूनच तिथला पहिला उपचार म्हणजे वेळेत उतरणे. या प्रश्नांची उत्तरे टाळणाऱ्या आयोजकासोबत कुटुंबाला नेऊ नका.

पुढच्या वेळी फॉर्मवर सही घ्यायला याल तेव्हा मुक्कामांच्या उंचीचा तो कागदही सोबत आणा. तुमच्या छातीचे ठोके ऐकायला मला दोन मिनिटे पुरतात. त्या कागदावर मात्र आपण दहा मिनिटे बोलू.