बाल्डर्स गेट आणि आमचे घरचे नियम



आज जरा कबुलीजबाब देतोय. २००१ साली न्यू जर्सीत आम्ही दोघं रूममेट. डॉट-कॉमचा फुगा फुटलेला, तो बेंचवर, माझ्या प्रोजेक्टचंही काही खरं नव्हतं. रात्र काढायला 'बाल्डर्स गेट २' आणला (बायोवेअरचा, सन २०००).

ज्यांनी खेळलाय त्यांना ठाऊकच आहे, त्यात लबाडीला भरपूर वाव. चोरीचा माल घेणाऱ्या दुकानदारालाच माल विकायचा, रात्री त्याच्याकडूनच तो चोरायचा, परत त्यालाच विकायचा! आणि झोप. इमोएनला जादूगार पकडून नेतात, तिच्या सुटकेसाठी वीस हजार सुवर्णमुद्रा जमवायच्या. पण घाई कुणालाच नाही. प्रत्येक मारामारीनंतर आठ तास ताणून द्या, सगळे मंत्र पुन्हा तयार. दोन खोल्या साफ करायला आम्हाला आठवडा लागला तेव्हा रूममेट म्हणाला, "अरे, ती तिकडे कोठडीत, आणि आपण झोपा काय काढतोय?"

मग फ्रिजवर कागद लागला. चोऱ्या बंद. झोप दिवसातून एकदाच. ड्रॅगनशी गोड बोलत त्याच्या पायाशी सापळे पेरायचे नाहीत. सहाऐवजी चारच गडी घ्यायचे. हा नियम आमच्यावरच उलटला: मारलेल्या शत्रूचे अनुभव-गुण माणशी वाटले जातात, त्यामुळे चौघं भराभर तयार झाले आणि खेळ सोपाच वाटायला लागला. झक मारत परत सहा केले.

शेवटचा नियम त्याचा. रीलोड फक्त नायक मेला तर, कारण तिथे खेळच संपतो. बाकी कुणी मेलं तर पैसे मोजून देवळात उठवायचं. शरीराच्या चिंधड्या झाल्या तर गेलं ते गेलं.

फिरक्राग हा लाल ड्रॅगन. सापळे नाहीत, त्यामुळे समोरासमोर. त्याने आग ओकली आणि एरीच्या चिंधड्या. एरी म्हणजे पंख छाटलेली ती मुलगी, रूममेटची लाडकी. तो आत चहाचं आधण ठेवत होता. मी रीलोड केलं. तो कप घेऊन आला तेव्हा ड्रॅगन जिवंत, एरीही जिवंत. "अजून सुरू नाही केलंस?" म्हणाला. मी म्हटलं, तुझीच वाट बघत होतो.

त्या खेपेला जिंकलो. तो पुढे सगळ्यांना सांगायचा, फिरक्रागला आम्ही एका दमात मारला. दोन महिन्यांनी त्याला भारतात परतावं लागलं. निघताना तो कागद घडी घालून घेऊन गेला.

या दिवाळीत फोनवर सांगून टाकलं. बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "तेव्हा सांगितलं असतंस तर एरीशिवाय खेळलो असतो रे." चिडला नव्हता, पण हसलाही नाही.

आता नवी आवृत्ती घेऊन दोघांनी पहिल्यापासून सुरू केलंय, तो पुण्यात, मी इथे. कोण मेलं ते एकमेकांना कळवायचं, एवढाच नवा नियम. परवा पहिल्याच तळघरात माझी जहीरा गेली. रात्रीचे दोन वाजले होते, तरी मेल टाकली.