माळाचे भाडे आणि ‘फुकटचे पैसे’

‘पक्षी वाचवायला शेतकऱ्याला पैसे कशाला? घरबसल्या फुकटचे मिळायला लागले तर उद्या नांगर कोण धरणार?’ माळरानावरच्या पक्ष्यांबद्दल बोलायला उभे राहिले की हा प्रश्न हमखास येतो. शहरातल्या सभागृहात येतो, तालुक्याच्या गावी येतो, आणि वाईट याचे वाटते की पक्षिमित्रांच्या बैठकीतही येतो. विचारणाऱ्याच्या आवाजात उत्तर आधीच माहीत असल्याचा ठामपणा असतो. म्हणून या ‘फुकट’चा नीट हिशेब एकदा मांडायला हवा.

अमेरिकेच्या ईशान्य भागात व्हर्मांट हे दूधदुभत्यावर चालणारे छोटे राज्य आहे. तिथल्या वैरणीच्या शेतांत बोबोलिंक हा पक्षी घरटे करतो. आकाराने चिमणीहून थोडा मोठा. विणीच्या दिवसांत नराचे पोट काळेभोर, पाठीवर पांढरे, आणि मानेच्या मागे पिवळसर रंगाचा थापा. थंडी तो दक्षिण अमेरिकेत, पार अर्जेंटिना-पॅराग्वेच्या गवताळ प्रदेशात काढतो आणि मे महिन्यात हजारो किलोमीटर उडून परत येतो. घरटे जमिनीवरच, गवताच्या बुंध्याशी. अंडी उबायला साधारण 12 दिवस लागतात, पिल्ले घरट्यात आणखी 10-11 दिवस राहतात, आणि बाहेर पडली तरी काही दिवस त्यांना धड उडता येत नाही.

अडचण अशी की गाईलाही तेच गवत त्याच सुमारास हवे असते. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला कापलेले गवत कोवळे असते, त्यात प्रथिने भरपूर असतात, गाय दूध चांगले देते. तेच जुलैच्या मध्यापर्यंत उभे ठेवले तर निबर होते, दांडेच जास्त उरतात, आणि दुभत्या जनावराला वरून पेंड विकत आणून घालावी लागते. शेतकरी वेळेवर यंत्र घालतो यात त्याचे काहीच चुकत नाही. पण त्या वेळी घरट्यात अंडी किंवा उघडी पिल्ले असतात. न्यूयॉर्क राज्यातल्या वैरणीच्या शेतांचा अभ्यास 1990 साली प्रसिद्ध झाला. कापणी झालेल्या शेतांत बोबोलिंकची 94 टक्के अंडी-पिल्ले वाचली नाहीत. निम्मी थेट यंत्राखाली गेली. उरलेली गवत ओढताना, गठ्ठे बांधताना, उघड्यावर पडल्यावर कावळ्या-कोल्ह्यांच्या तोंडी, किंवा मादीने घरटे सोडल्यामुळे गेली.

यावर व्हर्मांटच्या संशोधकांनी शेतकऱ्यांबरोबर बसून एक वेळापत्रक काढले. पहिली कापणी लवकर, फार तर जूनच्या पहिल्या एक-दोन दिवसांपर्यंत उरकायची आणि मग 65 दिवस शेतात यंत्र घालायचे नाही. पहिल्या कापणीचे उत्तम गवत शेतकऱ्याला मिळते. पक्षी पुन्हा घरटे करतात आणि 65 दिवसांत पिल्ले उडून जातात. दुसरी कापणी मात्र उशिरा आणि हलक्या प्रतीची होते, आणि तेवढ्या तुटीचेच पैसे केंद्रीय कृषी विभागाच्या योजनेतून एकरी दराने मिळतात. परिणाम मोजलेला आहे. नेहमीच्या पद्धतीने लवकर कापलेल्या आणि लगेच पुन्हा कापलेल्या शेतांत एका मादीमागे वर्षाला उडून जाणारी पिल्ले जवळपास शून्य होती. या वेळापत्रकाच्या शेतांत ती सरासरी 2.8 भरली.

आता सांगा, यात काही न करता मिळालेले काय आहे? शेतकऱ्याने एक पीक कमी दर्जाचे घेतले, तारखा पाळल्या आणि तपासणीला शेत मोकळे ठेवले. मोबाइल टॉवरसाठी कोणी चार गुंठे दिले तर त्याला भाडे मिळते, आणि त्याला फुकटखाऊ म्हणायचे कोणाच्या मनातही येत नाही. बोबोलिंकला 65 दिवस जागा दिली की मात्र तोच माणूस आळशी ठरतो. हा न्याय मला कधीच समजलेला नाही.

बरे, हे पैसे सरकारीच असतात असेही नाही. ऱ्होड आयलंड राज्यात 2007 साली ‘बोबोलिंक प्रकल्प’ सुरू झाला, त्यामागे स्टीफन स्वॅलो हे अर्थशास्त्रज्ञ होते. पक्षी वाचावेत असे वाटणाऱ्या सामान्य लोकांनी वर्गणी भरायची, आणि कापणी लांबवायला एकरी किती हवेत ते शेतकऱ्यांनी कळवायचे. कमी बोलीपासून सुरुवात करत जमलेल्या निधीत जेवढे एकर बसतील तेवढे घ्यायचे. हा प्रकल्प पुढे व्हर्मांट, मॅसॅच्युसेट्सकडे पसरला. उलट्या लिलावाची ही पद्धत ज्यांना बाजाराची भाषाच समजते त्यांनी मुद्दाम पाहावी. पक्ष्याच्या विणीच्या जागेला इथे खरोखर बाजारभाव निघतो.

मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण हवे असेल तर अमेरिकेचीच संवर्धन राखीव जमीन योजना घ्या. 1985 च्या शेती कायद्याने ती आणली. मुळात ती मातीची धूप थांबवण्यासाठी आणि धान्याचा जादा साठा कमी करण्यासाठी होती. पक्ष्यांचा फायदा नंतर लक्षात आला. शेतकरी धूप होणारी जमीन 10 ते 15 वर्षांच्या कराराने गवताखाली ठेवतो आणि सरकार त्याला दरवर्षी भाडे देते. मध्येच करार मोडला तर तोवर घेतलेले सगळे भाडे व्याजासकट परत करावे लागते. विणीच्या हंगामात एरवी कापणीही नाही, चराईही नाही. 2007 मध्ये या योजनेखाली 3 कोटी 68 लाख एकर जमीन होती.

मग मक्याचे भाव चढले. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलसाठी मका हवा होता. करार संपले तसे शेतकऱ्यांनी गवत मोडले. अमेरिकेच्या मका पट्ट्याच्या पश्चिमेकडील पाच राज्यांत 2006 ते 2011 या काळात जवळपास 13 लाख एकर गवताळ जमीन मका-सोयाबीनखाली गेली, असे 2013 साली प्रसिद्ध झालेला उपग्रह-छायाचित्रांवरचा अभ्यास सांगतो. त्यावर लगेच काही जण म्हणतात, ‘पाहा, पैसे कमी पडले की पक्षी गेले, म्हणजे पैसे देणे व्यर्थच.’ मला त्यातून अगदी उलटे दिसते. शेतकऱ्याने दोन्ही वेळा पैसे पाहूनच निर्णय घेतला, आधी भाडे पाहून आणि मग मक्याचा भाव पाहून. पैसा माळावर कोणी नव्याने आणत नाही. तो तिथे आधीपासून आहे, फक्त नांगराच्या बाजूने उभा आहे.

अमेरिकी सरकारला हे उशिरा का होईना उमगले. 2014 च्या शेती कायद्यात उत्तरेकडील सहा राज्यांपुरती एक तरतूद आली: कधीही न नांगरलेले मूळचे गवताळ रान फोडून पीक घेतले तर सुरुवातीची काही वर्षे पीकविम्याच्या हप्त्यावरचे अनुदान कमी मिळेल. माळ फोडायला सरकारच पैसे देत होते, ते निदान थोडे आवरले. संवर्धनाच्या चर्चेत ‘अनुदान’ हा शब्द निघाला की आपण फक्त पक्ष्यांसाठी दिलेला रुपया मोजतो. पिकासाठी दिलेला मोजत नाही.

आणि हे सारे का करायचे, तर ‘सायन्स’ या नियतकालिकात 2019 साली आलेल्या अभ्यासानुसार 1970 पासून उत्तर अमेरिकेतले गवताळ प्रदेशातले पक्षी 53 टक्क्यांनी घटले. संख्येत ते 70 कोटींहून अधिक होतात. पक्ष्यांचा दुसरा कोणताही अधिवास-गट इतका घसरलेला नाही.

पैसे दिले की काम झाले, हाही भाबडेपणाच. नेदरलँड्समध्ये कुरणांवरच्या पक्ष्यांसाठी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे मोबदला मिळत होता. क्लाइन आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की करारातल्या शेतांवर पक्षी इतर शेतांपेक्षा जास्त नव्हते. कारण समजायला अवघड नाही. जमिनीतले पाणी चर काढून उतरवलेले, खताने गवत दाट आणि एकसुरी झालेले. अशा शेतात कापणी पंधरा दिवस लांबवली तरी चोच खुपसायला ओली माती नाही आणि पिल्लाला गवतातून वाट काढता येत नाही. पैसे तारखेसाठी दिले होते, पाण्यासाठी नव्हते. करारात काय लिहिले आहे यावर सगळे अवलंबून असते. याउलट इंग्लंडच्या डेव्हनमध्ये सर्ल बंटिंग या छोट्या पक्ष्याला थंडीत खायला दाणे हवेत हे नेमके ओळखून, पीक काढल्यावर धसकटे तशीच ठेवण्याचे पैसे शेतकऱ्यांना दिले गेले. 1989 साली त्याच्या 118 जोड्या होत्या. 2016 मध्ये 1,078 मोजल्या गेल्या.

काही छोटे गैरसमज जाता जाता.

‘गवत नुसते सोडून दिले की पक्षी येतात.’ नाही. न चरलेले, न कापलेले रान काही वर्षांत झुडपांनी भरते, आणि जमिनीवर घरटे करणारे पक्षी तिथून निघून जातात.

‘कापणी आली की पिल्ले गेलीच समजा.’ स्कॉटलंडच्या बेटांवर कॉर्नक्रेक या पक्ष्यासाठी शेतकरी यंत्र मधून सुरू करून कडेकडे नेतात, म्हणजे पिल्ले बाहेर पळू शकतात. उलट, कडेने सुरू केले तर ती मध्ये कोंडली जातात आणि शेवटच्या पट्ट्यात मरतात. तेल तेवढेच लागते.

‘माळावर झाडे लावली की पक्षी वाढतील.’ आंब्यावरचे वाढतील. माळढोक, तणमोर, चंडोल उघड्या माळाचे आहेत. झाडावर बसलेला शिकारी पक्षी त्यांच्या पिल्लांचा काळ असतो. आपल्या केंद्र सरकारच्या 2023 च्या ग्रीन क्रेडिट कार्यक्रमातही सुरुवातीला क्रेडिटची गणना लावलेल्या झाडांवरच होती, हे या गैरसमजाचे सर्वात महागडे रूप.

‘अभयारण्य जाहीर केले की मोबदल्याची गरज नाही.’ इथे मात्र एका ओळीत भागत नाही, कारण हा प्रयोग महाराष्ट्राने करून पाहिला आहे. 1979 साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतल्या 8,496 चौरस किलोमीटरवर माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्यात वनखात्याच्या ताब्यातली जमीन अगदी थोडी होती. बाकीची गावे, शेते, लोकांची खासगी राने. या जमिनींचे व्यवहार, बांधकाम, प्रकल्प यांवर निर्बंध आले. बदल्यात हाती काही आले नाही. ज्या शेतकऱ्याच्या रानात माळढोक दिसायचा त्याला तो संकटासारखा वाटू लागला, आणि ते स्वाभाविक होते. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अभयारण्य 1,222 चौरस किलोमीटरवर आले. तोवर या अभयारण्यातल्या नान्नजच्या माळावर माळढोक दिसणे ही बातमी झाली होती. बंदीचा खर्चही कोणी तरी भरतच असतो. इथे तो सोलापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याने भरला.

मध्य प्रदेशात सैलाना इथे सालिम अलींच्या सांगण्यावरून 1983 मध्ये तणमोरासाठी अभयारण्य झाले. तिथल्या वनखात्याने नंतर वेगळी वाट धरली: शेतात तणमोर असल्याची खबर देणाऱ्या आणि घरटे सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला रोख रक्कम. रक्कम मोठी नव्हती, पण पक्षी दिसला हे लपवण्याऐवजी सांगण्यात शेतकऱ्याचा फायदा झाला.

महाराष्ट्रात अकोला-वाशिमच्या माळांवर आणि गवताला लागून असलेल्या शेतांत तणमोर अजून पावसाळ्यात येतो. ‘संवेदना’ ही संस्था फासेपारधी समाजाच्या लोकांबरोबर तिथे काम करते, आणि विणीच्या दिवसांत तणमोराचा नर गवतातून कुठे उडी मारतो हे त्या लोकांइतके कोणाला माहीत नाही. पण अशा रानाची सातबारावर नोंद बहुतेक वेळा ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीला अयोग्य. पोटखराब क्षेत्राला पीककर्ज नाही, पीकविमा नाही. तीच जमीन फोडून सोयाबीन पेरले आणि लागवडीयोग्य म्हणून नोंद करून घेतली की दोन्ही मिळते. म्हणजे गवत राखणाऱ्याला शून्य आणि मोडणाऱ्याला बँक. असे असताना माळ टिकला तर तो केवळ कोणाच्या तरी मायेने किंवा गरिबीने टिकतो, आणि दोन्हींवर धोरण उभे करता येत नाही.

व्हर्मांटचे वेळापत्रक इथे उचलून चालणार नाही. तणमोराची वीण जुलै ते सप्टेंबर, आणि आपल्याकडे कुरणातले गवत दसरा-दिवाळीच्या आसपास, बी धरल्यावर कापायची रीत आहे. कापणी आणि घरटे यांची टक्कर इथे कमी आहे. मोबदला द्यायचा तो माळ न फोडण्याचा, आणि करारात दोन गोष्टी स्पष्ट हव्यात. एक, वीण झाल्यावर धनगरांची मेंढरे पूर्वीसारखी चरतील. नाहीतर मालक पैसे घेऊन तारेचे कुंपण घालेल, मेंढपाळाची वाट बंद होईल आणि चराईअभावी रानही बिघडेल. दुसरी गोष्ट तारखेची. सरकारी योजनांचे पैसे बहुधा मार्चअखेर धावपळीत निघतात किंवा पावसाळ्यात अडकतात. माळ मात्र उन्हाळ्यात फुटतो: एप्रिल-मेमध्ये जेसीबी येतो, दगड कडेला जातात, तळ्यातला गाळ पसरला जातो, आणि मृगात पेरणी होते. बटईचे आणि सालाचे करार बऱ्याच गावांत अजून गुढीपाडव्याच्या सुमारास ठरतात. माळाच्या भाड्याचा पहिला हप्ताही त्याच्या आत खात्यावर पडायला हवा.