‘ई...!’ येते तरी कुठून?

पिकलेलं उंबर कधी फोडून पाहिलंय? बाहेरून छान लालसर, मऊ, बोटांनी दाबलं की उघडणारं. आणि उघडल्याबरोबर आतून चिलटांएवढे किडे भुर्रकन उडतात, मागे राहिलेले तिथेच वळवळत बसतात. नको ते उकरून काढणाऱ्याला मोठी माणसं म्हणतात ना, ‘कशाला उंबर फोडून केंबरं उडवतोस?’ ती हीच केंबरं. खरं तर त्या इवल्याशा गांधीलमाश्या असतात. उंबराची फुलं फळाच्या पोटात दडलेली असतात आणि तिथवर परागकण पोचवायचं काम या माश्यांचं. त्या नसत्या तर उंबराला बीच धरलं नसतं. एवढ्या गुणाच्या माश्या! पण त्या दिसल्या की आपल्या तोंडून काय निघतं? ‘ई...!’

वांगं चिरताना अळी निघाली, ‘ई!’ तांदळात सोंडकिडे दिसले, ‘ई!’ आणि जगात कुठेतरी माणसं नाकतोडे तळून खातात असं कुणी सांगितलं, तर विचारायलाच नको.

आता गंमत बघा. ही ‘ई’ जिभेतून येत नाही. कशी येईल? जिभेनं अजून काही चाखलेलंच नसतं!

पॉल रोझिन हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ. किळस हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. (असाही विषय असतो, हे मला कळलं तेव्हा फार बरं वाटलं.) 1980 च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक खोडकर प्रयोग केला. लोकांसमोर फळांचा रस ठेवला आणि त्यात एक मेलेलं झुरळ बुडवून लगेच बाहेर काढलं. झुरळ आधी पूर्ण निर्जंतुक केलेलं होतं, एकही जंतू शिल्लक नव्हता, आणि तसं सगळ्यांना स्पष्ट सांगितलंही होतं. तरी माणसं तो रस प्यायला राजी होईनात. मग त्यांनी चॉकलेटचे दोन तुकडे पुढे केले. एक साधा गोल, दुसरा हुबेहूब कुत्र्याच्या शीच्या आकाराचा. चॉकलेट तेच, चव तीच, हेही सगळ्यांना ठाऊक. पण दुसरा तुकडा तोंडात घालताना शिकलीसवरलेली मोठी माणसं अडखळली.

रोझिन यांच्या गटानं अगदी लहान बाळांसोबतही असा प्रयोग केला. दोन वर्षांच्या आतल्या बाळांपुढे शेंगदाण्याचं लोणी आणि उग्र वासाचं चीज कालवून केलेली खोटी ‘शी’ ठेवली. निम्म्याहून जास्त बाळांनी ती आनंदानं तोंडात घातली! अख्खा निर्जंतुक नाकतोडा दिला, तर साधारण तीनातल्या एका बाळानं तोही खाल्ला. ज्यांनी खाल्लं, त्यांच्याकडे ‘ई’ अजून आलेलीच नव्हती. कडू चवीला तोंड वाकडं करणं जन्मापासून येतं. पण एखादी गोष्ट ‘घाण’ आहे, नुसती शिवली तरी सगळं बिघडतं, ही समज हळूहळू येते आणि ती बरीचशी घरातून येते.

घरातून येते म्हणजे कशी? कुणी शिकवणी घेत नाही. आपण फक्त चेहरे बघतो. नाक आक्रसलेलं, वरचा ओठ उचललेला, जीभ किंचित बाहेर. आपल्या मेंदूत खोलवर इन्सुला नावाचा एक भाग आहे. घाण वास आला की तो जागा होतो. 2003 साली युरोपातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की स्वतःला वास न येता, नुसता दुसऱ्याचा किळसवाणा चेहरा पाहिला तरी इन्सुलाचा तोच भाग जागा होतो. थोडक्यात, पाल पाहून आजीचं तोंड वाकडं झालं की नातवाच्या डोक्यातही घंटी वाजते.

आणि ही घंटी वाईट मुळीच नाही. सडलेलं मांस, उलटी, शी, कुजलेलं फळ यांत रोगाचे जंतू असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून शरीरानं किळस नावाचा पहारेकरी नेमला. तो तुमच्या सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखा आहे. मनानं चांगला, पण ओळखीचा चेहरा नसला की कुणालाच आत सोडत नाही. चोरालाही नाही आणि पहिल्यांदाच गावाहून आलेल्या तुमच्या मामालाही नाही. किड्यांचं तर नशीबच फुटकं. माशा, अळ्या, झुरळं आपल्याला नेहमी घाणीच्या आसपास दिसतात, त्यामुळे त्यांचं नाव आपल्या पहारेकऱ्याच्या काळ्या यादीत कायमचं लिहिलं गेलं.

पण प्रत्येक गावचा पहारेकरी वेगळा आणि त्याची यादीही वेगळी! चार्ल्स डार्विननी एक मजेदार प्रसंग लिहून ठेवलाय. दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाला, टिएरा डेल फ्युगो इथं ते डब्यातलं थंड मांस खात होते. तिथल्या एका रहिवाशानं त्या मांसाला बोट लावून पाहिलं. ते इतकं लिबलिबीत लागलं, की त्याच्या चेहऱ्यावर किळस उमटली. आणि त्यानं बोट लावलं, म्हणून डार्विनना किळस आली! त्याचे हात मळलेले दिसत नव्हते, हेही डार्विननी प्रामाणिकपणे नोंदवलंय. जेवण एकच, आणि दोन माणसं एकमेकांकडे बघून मनातल्या मनात ‘ई’ म्हणतायत.

आता गडचिरोलीची हद्द ओलांडून छत्तीसगडमध्ये, बस्तरच्या आठवडी बाजारात जाऊ. तिथं पानांच्या द्रोणांत लाल मुंग्या विकायला असतात, त्यांच्या पांढऱ्या अंड्यांसकट. मीठ, मिरची घालून त्या वाटल्या की झाली चापडा चटणी. चव आंबट, झणझणीत. लिंबू न पिळता आंबटपणा आला कुठून? मुंग्यांच्या अंगातल्या फॉर्मिक आम्लातून. जॉन रे या इंग्रज निसर्गअभ्यासकानं 1671 साली हे आम्ल पहिल्यांदा वेगळं काढलं, तेही ढीगभर मेलेल्या मुंग्यांचा अर्क काढून. ओडिशातल्या मयूरभंजमध्ये याच मुंग्यांची ‘काई चटणी’ करतात. जानेवारी 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला. आपल्या हापूसला मिळालाय ना, तसाच.

या मुंग्याही साध्यासुध्या नाहीत बरं का. कोकणात आंब्या-काजूच्या झाडांवर पानं शिवून केलेली त्यांची घरटी तुम्ही पाहिली असतील, आणि खाली उभं राहून प्रसादही खाल्ला असेल! दोन पानं जवळ आणायला कामकरी मुंग्या एकमेकींच्या कमरा धरून साखळी करतात. मग दुसऱ्या मुंग्या आपल्याच वसाहतीतल्या अळ्या जबड्यात अलगद धरून आणतात. अळीच्या तोंडातून रेशमाचा धागा येतो. अळीला या पानावरून त्या पानावर फिरवत मुंग्या घर शिवतात. चीनमध्ये शेकडो वर्षांपासून शेतकरी संत्र्या-मोसंबीच्या बागांत ही घरटी मुद्दाम आणून टांगतात, कारण या मुंग्या फळांवरची कीड फस्त करतात.

‘मुंगी? शी! आम्ही नाही असलं काही खात!’ असं म्हणणाऱ्यांत किनाऱ्यावरचे दोस्तही असतील. त्यांना माझा एक प्रश्न आहे. जवळा खाता ना? कांदा घालून परतलेला सुका जवळा, गरम भाकरी... तोंडाला पाणी सुटलं असेल. आता पुढच्या वेळी एक जवळा भिंगाखाली धरून बघा. दोन काळे डोळे, लांब मिशा, कितीतरी इवले इवले पाय. त्यातलं आपण काहीच काढत नाही, सगळा जवळा अख्खाच्या अख्खा खातो. कोळंबी, खेकडे, शेवंड आणि नाकतोडे, मुंग्या, फुलपाखरं हे सगळे संधिपाद प्राणी, म्हणजे सांधे असलेल्या पायांचे. सगळ्यांच्या अंगावर कायटिनचं कडक कवच. इतकंच नाही, तर जनुकं तपासल्यावर शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की कीटक हे कोळंबी-खेकड्यांच्याच कुळातून फुटलेली एक फांदी आहेत. एका चुलत भावाला आपण ताटात मानानं वाढतो आणि दुसऱ्याला चप्पल दाखवतो!

शेवंडीचंही ऐका. आज हॉटेलात लॉबस्टर मागवला तर बाबांचं पाकीट रिकामं होईल. पण दोन-अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर तो इतका मुबलक होता की त्याला गरिबाघरचं अन्न म्हणत. चारचौघांत लॉबस्टर खाणं मानाचं नव्हतं, त्याचं शेताला खतही घालत. लॉबस्टर तोच आहे, माणसांचं मत बदललं.

शाकाहारी दोस्तांनो, तुम्ही फार हसू नका. मध आवडतो ना? मधमाशी फुलातला रस पोटातल्या खास पिशवीत भरून आणते, पोळ्यात तो बाहेर काढते, मग तो एकीच्या तोंडातून दुसरीच्या तोंडात जात घट्ट होतो. चकचकीत गोळ्या-चॉकलेटांवरचा मुलामा पुष्कळदा लाखेचा असतो. हो, महाभारतातल्या लाक्षागृहाचीच लाख! ती पळस, बोर, कुसुम या झाडांवर राहणारे लाखेचे किडे तयार करतात. काही गुलाबी-लाल खाद्यरंग मेक्सिको आणि पेरूमधल्या निवडुंगावरच्या कोचिनील किड्यांपासून येतात. त्या रंगाचा युरोपातला क्रमांक काय, ठाऊक आहे? ई-120. नावातच ‘ई’! आणि चॉकलेट? अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याच्या नियमानुसार 100 ग्रॅम चॉकलेटमध्ये किड्यांचे बारीक तुकडे सरासरी 60 पर्यंत गेले, तरच ते खातं कारवाई करतं. त्याहून कमी असतील तर चालतं. शेतात पिकणाऱ्या कोकोच्या बियांत एकही किडा नसणं शक्यच नाही, आणि त्या कणांनी सहसा कुणाला काही होतही नाही. तुम्हीआम्ही सगळ्यांनी आजवर किडे खाल्लेत, फक्त कुणी सांगितलं नव्हतं.

एखादी गोष्ट न खाणं आणि ती खाणाऱ्याकडे बघून नाक मुरडणं, या दोन गोष्टी मला तरी अगदी वेगळ्या वाटतात. कुणी धर्मामुळे, कुणी प्राण्यांवरच्या दयेपोटी, कुणी नुसतंच आवडत नाही म्हणून एखादा पदार्थ खात नाही. तो ज्याचा त्याचा हक्क. पण शेजारच्या बाकावरच्या मुलीचा डबा उघडल्यावर नाकाला रुमाल लावणं, हा काही हक्क नव्हे. सगळं चाखून बघाच, असंही मी म्हणणार नाही. इटलीतल्या सार्डिनिया बेटावर ‘कासू मारझू’ नावाचं चीज असतं, त्यात माशीच्या जिवंत अळ्या वळवळत असतात. ते माझ्यापुढे ठेवलं तर मी हात जोडून उठेन.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं 2013 मध्ये एक जाडजूड अहवाल काढला. त्यात म्हटलंय, जगातली सुमारे 200 कोटी माणसं कीटक खातात, आणि खाल्ल्या जाणाऱ्या कीटकांच्या जाती 1900 हून जास्त आहेत. मेक्सिकोत ओआहाका भागात लिंबू-मीठ-मिरची लावलेले नाकतोडे, आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात वाळवलेले मोपाने सुरवंट, जपानमध्ये सोया सॉसमध्ये शिजवलेले टोळ, आपल्या आसाम-नागालँडमध्ये रेशमाचे किडे. पोट भरत नाही म्हणून नाइलाजानं खातात, असं समजू नका. अनेक ठिकाणी हे किडे मांसापेक्षा महाग विकले जातात. युरोपात मात्र ही सवय फारशी रुजली नाही. तिथल्या थंडीत मोठाले, थव्यानं सापडणारे किडे कमी, मग कोण त्यांच्या मागे धावणार?

आता तिथंही विचार बदलतोय. 2021 मध्ये युरोपीय संघानं मीलवर्म या भुंगेऱ्याच्या अळीला अन्न म्हणून मान्यता दिली. 2024 मध्ये सिंगापूरनं 16 प्रकारच्या कीटकांना परवानगी दिली. कारण साधा हिशेब आहे. गुराचं वजन एक किलोनं वाढायला साधारण आठ किलो खाद्य लागतं, कीटकांना दोन किलो पुरतं. गाय, कोंबडी, आपण, सगळे खाल्लेल्यातलं बरंचसं अंग गरम ठेवण्यात खर्च करतो. रातकिडा थंड रक्ताचा, त्याला ती चैन नाही. त्याचं खाणं बहुतेक वाढण्यातच जातं.

आणि हो, हे वाचून कुणी अंगणात शिकारीला निघणार असेल, तर थांबा! बस्तरमधल्या माणसांना कोणती मुंगी, कोणत्या झाडावरची, कोणत्या दिवसांत घ्यायची, हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत असतं. आपल्याला नसतं. शेतातल्या किड्यांवर फवारलेलं औषध असतं. रुईच्या झाडावर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा देखणा टोळ बसलेला दिसेल, तो नुसता बघा. तो रुईची विषारी पानं खातो आणि ते विष स्वतःच्या अंगात साठवतो. भडक रंग ही त्याची धोक्याची पाटी आहे. आणि ज्यांना कोळंबी-खेकड्यांची ॲलर्जी आहे, त्यांना नाकतोडे-रातकिडेही बाधू शकतात, कारण त्रास देणारं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन दोघांच्याही स्नायूंत असतं.