मधल्या फळीतला माणूस : हिदेतोशी नाकाता

फुटबॉलचा सामना पाहून घरी परतणाऱ्या माणसाला विचारा, "गोल कोणी केला?" उत्तर तत्काळ मिळेल. पण "तो चेंडू त्याच्या पायापर्यंत कोणी पोहोचविला?" असे विचारा, म्हणजे बहुतेक जण डोके खाजवू लागतील. मधल्या फळीतल्या खेळाडूचे नशीब हे असे असते. बचाव फळीकडून चेंडू घ्यायचा, मान वर करून मैदान पाहावयाचे, कोणता सहकारी क्षणभरात मोकळा होणार हे ओळखायचे आणि चेंडू नेमका तेथे धाडावयाचा. चेंडू गेला की पुन्हा मागे धावायचे. टाळ्या मात्र पुढच्याला!

या जागेवर खेळून ज्याने आपल्या देशाच्या फुटबॉलला युरोपचा दरवाजा सताड उघडून दिला, आणि ऐन उमेदीत जो स्वतःहून मैदानाबाहेर गेला, त्या हिदेतोशी नाकाता या जपानी खेळाडूचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

नाकाताचा जन्म 22 जानेवारी 1977 रोजी यामानाशी प्रांतातील कोफू या गावी झाला. त्या वेळी जपानमध्ये फुटबॉल हा हौसेचा खेळ होता. लोकांचे प्रेम होते ते बेसबॉलवर. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानने कांस्यपदक मिळविले होते खरे. पण पुढे तो जोर ओसरला. देशातील मुख्य संघ कंपन्यांचे असत. आपल्या मुंबईत महिंद्र, मफतलाल, टाटा यांचे संघ असत, तसाच हा प्रकार. 1993 साली जे-लीग ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. दहा संघ, प्रत्येकाच्या नावात कंपनीऐवजी गावाचे नाव आणि खेळणे हाच पूर्ण वेळचा पेशा, अशी तिची मांडणी होती. नाकाता त्या वेळी सोळा वर्षांचा होता. 1995 साली तो बेलमारे हिरात्सुका या संघात दाखल झाला. हा संघही मुळात फुजिता या बांधकाम कंपनीचाच! म्हणजे जुनी व्यवस्था संपून नवी उभी राहत होती, आणि तिच्या पहिल्या पिकातला हा दाणा होता.

1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये जपानने ब्राझीलला 1-0 असे हरविले. त्या संघात नाकाता होता. तीनपैकी दोन सामने जिंकूनही गोलांच्या हिशेबात जपान मागे पडला. पण ब्राझीलही हरतो, हे त्या मुलांना कळून चुकले.

खरी कसोटी लागली ती 16 नोव्हेंबर 1997 रोजी, मलेशियातील जोहोर बहारू येथे. जपान तोपर्यंत विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत एकदाही पोहोचला नव्हता. समोर इराण, आणि जिंकणारा थेट फ्रान्सला जाणार. पहिला गोल नाकाताच्या पासवर झाला. इराणने दोन गोल करून आघाडी घेतली, तेव्हा नाकाताने उचलून दिलेल्या चेंडूवर शोजी जो याने डोक्याने बरोबरी साधली. जादा वेळात नाकाताने मारलेला फटका गोलरक्षकाने अडविला. पण सुटलेला चेंडू ओकानोने आत ढकलला आणि जपान 3-2 असा जिंकला. तिन्ही गोलांमागे एकच माणूस. पण गोल करणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव एकदाही नाही! मधली फळी म्हणजे काय, हे समजून घ्यावयाचे असेल तर याहून चांगला धडा नाही.

1998 च्या विश्वचषकात जपान तिन्ही सामने हरला. नाकाताला मात्र इटलीच्या पेरुजा संघाने बोलावून घेतले. युरोपात जाणारा तो पहिला जपानी नव्हे. यासुहिको ओकुदेरा 1977 मध्येच जर्मनीत कोलोनकडून खेळू लागला होता आणि काझुयोशी मिउरा 1994 मध्ये जेनोआत गेला होता. तरीही इटलीत कुजबुज होतीच, की हा मुलगा जपानी सदरे खपविण्यासाठी आणला असावा. 13 सप्टेंबर 1998 रोजी पहिलाच सामना विजेत्या युव्हेंटसशी पडला. पेरुजा 4-3 असा हरला. पण नाकाताने दोन गोल केले. कुजबुज तेथेच थांबली. त्या मोसमात त्याने लीगमध्ये दहा गोल केले. मधल्या फळीतल्या नवख्या परदेशी खेळाडूला ही कामगिरी लहान नव्हे. इटालियन भाषा शिकून घेतल्याने तो तेथे परका राहिला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

जानेवारी 2000 मध्ये तो रोमा संघात गेला. तेथे त्याच्या जागेवर फ्रान्चेस्को तोत्ती होता, म्हणजे रोम शहराचा लाडका. शिवाय युरोपीय संघाबाहेरचे किती खेळाडू सामन्यात घ्यावेत, यावर नियमाचे बंधन होते. त्यामुळे नाकाताचे बरेच सामने बसून पाहण्यात गेले. 2001 च्या मे महिन्यात हे बंधन उठले, आणि लागलीच 6 मे रोजी तुरीन येथे युव्हेंटसशी गाठ पडली. पहिल्या सहा मिनिटांतच रोमावर दोन गोल झाले. उत्तरार्धात प्रशिक्षक कापेल्लो यांनी चक्क तोत्तीला बाहेर काढून नाकाताला आत धाडले. त्याने लांबून मारलेला फटका थेट जाळ्यात गेला. अखेरच्या क्षणी त्याचाच दुसरा फटका गोलरक्षकाच्या हातून निसटला आणि मोन्तेल्लाने बरोबरी केली. मोसमाअखेर रोमाचे गुण 75 झाले व युव्हेंटसचे 73. आता हिशेब करून पाहा. तो सामना रोमा हरला असता, तर रोमाचे 74 आणि युव्हेंटसचे 75 झाले असते! अर्ध्या तासाच्या खेळाने विजेतेपद इकडचे तिकडे झाले.

पुढे तो पार्मात गेला आणि 2002 मध्ये इटलीचा चषक जिंकला. अंतिम फेरीतल्या पहिल्या सामन्यात परक्या मैदानावर केलेला त्याचा गोलच निर्णायक ठरला. त्याच वर्षी जपान आणि कोरियात झालेल्या विश्वचषकात त्याने ट्युनिशियाविरुद्ध डोक्याने गोल केला आणि जपान प्रथमच बाद फेरीत पोहोचला. त्यानंतर बोलोन्या, फिओरेंतिना आणि इंग्लंडमधील बोल्टन असा त्याचा प्रवास झाला.

22 जून 2006. जर्मनीत डॉर्टमुंड येथे जपान ब्राझीलकडून 4-1 असा हरून विश्वचषकाबाहेर पडला. सामना संपला, खेळाडू निघून गेले. नाकाता मात्र मैदानाच्या मध्यभागी बराच वेळ आकाशाकडे तोंड करून पडून राहिला. 3 जुलैला त्याने स्वतःच्या संकेतस्थळावर निवृत्ती जाहीर केली. वय 29. देशासाठी 77 सामने व 11 गोल. हा निर्णय आपण सहा महिन्यांपूर्वीच घेतला होता, असे त्याने कळविले. पुढे मुलाखतींतून त्याने सांगितले, की फुटबॉलचा मोठा धंदा झाला आणि त्यातला आनंद हरपला.

येथे मतभेद होणे स्वाभाविक आहे. मधल्या फळीतला खेळाडू 29 व्या वर्षी खरा पिकतो. ज्या देशाने एवढे प्रेम केले, त्याला असे अर्ध्यावर सोडावे काय? मलाही प्रथम हा पळपुटेपणा वाटला होता. पण त्याचे पुढचे आयुष्य पाहिले, की मत बदलावे लागते. त्याने जगप्रवास केला. 2009 पासून जपानच्या सत्तेचाळीसही प्रांतांत हिंडून कुंभार, विणकर, शेतकरी आणि तांदळापासून साके बनविणारे कारागीर यांना तो भेटला. ते साके परदेशी लोकांपर्यंत पोहोचविण्यासाठी 2015 साली त्याने कंपनीही काढली. म्हणजे दुसऱ्याच्या हातचे चांगले घेऊन पुढे पोहोचविण्याचे काम त्याने सोडले नाही. फक्त मैदान बदलले.

आणि फुटबॉलचे काय? 2022 च्या विश्वचषकात जपानने जर्मनी आणि स्पेन या दोघांना हरविले. त्या संघातील बहुसंख्य खेळाडू युरोपातील क्लबांत खेळणारे होते. 1998 साली पेरुजात जी शंका एका एकवीस वर्षांच्या मुलावर घेतली गेली, ती त्यांच्यावर कोणी घेत नाही.

आपल्या महाविद्यालयाच्या संघात आम्हां सर्वांनाच पुढे खेळावयाचे असते. मधली जागा आली की तोंडे उतरतात. गोलफलकावर नाव लागावे, ही इच्छा गैर नव्हे. तथापि जोहोर बहारूची ती यादी एकदा डोळ्यांपुढे आणावी. ज्याच्यामुळे एक देश विश्वचषकात गेला, त्याचे नाव तीत नाही; आणि तरीही त्या संध्याकाळची हकीकत सांगताना सुरुवात त्याच्यापासूनच करावी लागते.