यार्डातील गोंगाटाचा वारसा

भुसावळच्या यार्डात वर्षानुवर्षे शंटिंगचे इंजिन चालवलेले एक निवृत्त गृहस्थ माझे रुग्ण आहेत. फोनवरून मी ‘इन्सुलिन सहा युनिट’ सांगितले. त्यांनी ‘दहा’ ऐकले. रक्तातील साखर उतरली, दरदरून घाम सुटला. सुनेने वेळीच साखरपाणी दिले, म्हणून निभावले.

‘बाबा लक्षच देत नाहीत,’ ही घरच्यांची तक्रार. दोष मात्र लक्षाचा नव्हता. इंजिनाची धडधड, भोंगा, डबे जोडतानाचा दणका असा ८५ डेसिबलहून मोठा आवाज दीर्घकाळ कानी पडला, की अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी नष्ट होतात. त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. प्रथम उंच पट्टीचे ध्वनी हरपतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात. बोलणे ऐकू येते, पण उमगत नाही.

आपल्या घरी असे कोणी असल्यास श्रवणचाचणी करून घ्यावी. श्रवणयंत्राचा संकोच नसावा. ओरडू नये, समोर बसून सावकाश बोलावे. इंजिनात चालक व सहायक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगून खात्री करतात. औषधाची मात्राही तशीच लिहून द्यावी व त्यांच्याकडून वदवून घ्यावी. मीही आता तेच करतो.