पुरावा मागणारे प्राध्यापक

ठाण्याचा मध्यवर्ती तुरुंग ज्या किल्ल्यात आहे, तो पोर्तुगिजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी ताब्यात घेतला. १९ एप्रिल १९१० रोजी याच तुरुंगात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी देण्यात आले. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ ला ‘शारदा’चा प्रयोग पाहायला आलेल्या जिल्हाधिकारी जॅक्सनवर कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या होत्या. १९११ मध्ये, अंदमानला जाण्याआधी, विनायक दामोदर सावरकरही काही काळ या तुरुंगात होते.

ठाणेकरांना एवढे ऐकून माहीत असते. पुढचे प्रश्न अवघड आहेत. पिस्तुले लंडनहून आली ती कुणी धाडली, कुणी आणली, कुणाला ठाऊक होते? लोकमान्य टिळक तेव्हा मंडालेत होते, पण अशा तरुणांशी त्यांचे नाते नेमके कसे होते? पाठिंब्याचे, सहानुभूतीचे, की केवळ आदराचे? जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत या प्रश्नांना जागा नसते. ‘लोकमान्य टिळक आणि क्रांतिकारक’ या पुस्तकात राज्यशास्त्राच्या एका प्राध्यापकाने याच नात्याचा माग काढला. ते यशवंत दिनकर फडके.

जन्म सोलापूरचा, ३ जानेवारी १९३१ चा. अध्यापन राज्यशास्त्राचे, मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतही. निधन ११ जानेवारी २००८. नोकरीच्या तपशिलात मी फार रमणार नाही, कारण त्यांचे खरे काम वर्गापेक्षा अभिलेखागारात झाले. राज्यशास्त्राच्या मोठ्या प्राध्यापकांनी इंग्रजीत लिहावे आणि परदेशी नियतकालिकांत छापून यावे, असा त्यांच्या काळचा रिवाज. फडक्यांनी इंग्रजीतही लिहिले. भाषावार राज्यांचा प्रश्न मांडणारे त्यांचे पुस्तक १९७९ चे. तरी मुख्य वाट मराठीचीच राहिली. त्यामुळे झाले असे, की कल्याणचे सार्वजनिक वाचनालय (स्थापना १८६४) किंवा ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) यांच्या सभासदाला जे वाचता येत होते, तेच संशोधकालाही वाचावे लागले. हे माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे दान. मराठी वाचकाला त्यांनी सोपे करून दिले नाही, तळटीपांसकट दिले.

‘विसाव्या शतकातील महाराष्ट्र’ हा त्यांचा सर्वांत मोठा प्रकल्प. आठ खंडांचा हा पसारा एखाद्या संस्थेने मंडळ नेमून करायचा. फडक्यांनी तो एकट्याच्या नावावर केला. शिवाय टिळक-आगरकर, शाहू छत्रपती, केशवराव जेधे, र. धों. कर्वे, सावरकर, आंबेडकरी चळवळ. ही यादी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते: ज्यांचे अनुयायी एकमेकांच्या सभेला जात नाहीत, त्यांच्यावर एकाच माणसाने लिहिले. सावरकरांवर लिहिताना भक्तिभाव नाही आणि द्वेषही नाही. अशा लेखकाची पंचाईत ही, की कोणत्याच गटाला तो पुरता आपला वाटत नाही. ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी १९६९ मध्ये संपादित केले होते. त्याची सुधारलेली आवृत्ती फडक्यांनी १९९१ मध्ये सिद्ध केली. इतरांनी फुले उद्धृत करावेत म्हणून आधी कुणीतरी पाठ नीट करावा लागतो, आणि त्या कामाला टाळ्या मिळत नाहीत.

टाळ्या मिळाल्या त्या वादांत. अरुण शौरींनी १९९७ मध्ये डॉ. आंबेडकरांवर टीकेचे पुस्तक काढले. त्यात इंग्रजांशी जवळीक आणि घटनेतील वाटा या दोन्हींवरून आंबेडकरांना लहान ठरवले होते. फडक्यांनी ‘डॉ. आंबेडकरांचे मारेकरी अरुण शौरी’ लिहून उत्तर दिले. शीर्षक बोचरे आहे आणि मला ते थोडे जास्तच बोचरे वाटते. आतला मजकूर मात्र पुराव्यांचा आहे. १९९८ मध्ये नथुराम गोडसेवरील नाटकावरून महाराष्ट्र पेटला, तेव्हा बंदी हवी की नको यावर सगळे बोलत होते. नाटकातले खरे किती, हा प्रश्न फडक्यांच्या ‘नथुरामायण’ने विचारला. हा फरक बारीक वाटतो, पण राज्यशास्त्राचा माणूस आणि पुढारी यांच्यातला फरक तोच.

२००० मध्ये बेळगावला झालेल्या ७३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. भाषावार राज्यरचनेचा अभ्यास आयुष्यभर केलेल्या माणसाला सीमाभागातच व्यासपीठ मिळावे, हा योग लहान नव्हता. कवी-कादंबरीकारांच्या रांगेत एक राज्यशास्त्रज्ञ बसला, आणि वैचारिक गद्य हेही साहित्य आहे, हे त्या निवडीने मान्य झाले.

या पद्धतीचा वारसा आपल्या ठाणे जिल्ह्यात कुठे चालवता येईल? विषय शोधायला लांब जावे लागत नाही. कल्याणची नगरपालिका १८५५ ची, ठाण्याची १८६३ ची. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ ची. तिच्यात घेतलेली सत्तावीस गावे २००२ मध्ये वगळली गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली, आणि २०२० मध्ये त्यातली अठरा काढण्याचा निर्णय निघाला, तो उच्च न्यायालयात टिकला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. शहरात राहायचे की नाही हे गावकऱ्यांनी ठरवायचे, की मंत्रालयाने? कर वाढतो, पाणी येत नाही, तेव्हा जाब कुणाला विचारायचा? राज्यशास्त्राच्या एम.ए.च्या विद्यार्थ्याने यासाठी दिल्लीच्या सिद्धान्तांपाशी सुरुवात करायची गरज नाही. शासनाच्या अधिसूचना, पालिकेची इतिवृत्ते, गावांच्या संघर्ष समितीची निवेदने, उच्च न्यायालयातील याचिका आणि चार दशकांची स्थानिक वृत्तपत्रे एवढे एका टेबलावर आणायचे, तारखा लावायच्या, आणि कोणत्या पक्षाने कोणत्या साली कोणती बाजू घेतली ते नावानिशी लिहायचे.